प्लेटांवरच्या कुरडया

जवळा बाजार गावात विश्वंभररावांच्या गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसल्या, त्या दिवसापासून गल्लीला एकच प्रश्न पडला. परवडतं का? गॅसवाला विचारायचा, पोस्टमन विचारायचा, आठवडी बाजारातून कांद्याची पिशवी घेऊन निघालेला अनोळखी माणूसही वर बघत थबकायचा आणि विचारायचा. विश्वंभररावांनी चौतीस वर्षं सरकारी कारकुनी केलेली. लोकांनी विचारावं आणि आपण टेबलामागून सांगावं, हे सुख निवृत्तीबरोबर गेलं होतं, ते प्लेटांनी परत आणून दिलं. ते चष्मा पुसायचे, ओट्यावर सरसावून बसायचे आणि सुरू व्हायचे. प्लेटा सहा, सबसिडी इतकी, दिवसाला युनिटं इतकी, मीटर उलटं कसं फिरतं, पाच वर्षांत सगळा खर्च वसूल आणि पुढची वीस वर्षं वीज फुकट. पुढची वीस वर्षं म्हणताना चौऱ्याहत्तर वर्षांच्या या माणसाची जीभ जराही अडखळत नसे.

गंगूताईंना मात्र हा प्रश्न कुणी विचारला नाही. बाईमाणसाला विजेतलं काय कळतं, असं गल्लीचं मत असावं. विचारलं असतं तर पहिले दोन महिने त्यांनीही हेच सांगितलं असतं, वर थोडं जास्तच. कारण प्लेटा अपूर्वनं बसवून दिल्या होत्या. पुण्यात राहणाऱ्या, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एकुलत्या एका लेकानं आईबापाच्या डोक्यावर ही सावली धरली होती, आणि तिचे पैसे एका फटक्यात भरले होते. गंगूताईंनी त्या प्लेटांना हळदीकुंकू लावलं होतं. विश्वंभरराव ओरडले, काचेवर डाग पडला तर वीज कमी होते म्हणाले. तेव्हा त्यांनी काच पदरानं पुसली आणि कुंकू खालच्या लोखंडी पायांना लावलं.

आता यामागची गोष्ट सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी गंगूताई पहाटे देवळात गेलेल्या असताना विश्वंभरराव मोरीत घसरून पडले आणि तासभर तसेच पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण अपूर्वनं धसका घेतला. तेव्हापासून रोज सकाळी बरोबर आठला त्याचा फोन यायचा. त्यात तीनच प्रश्न असायचे. उठलात का, चहा झाला का, बाबांनी गोळी घेतली का. दोन मिनिटांत फोन बंद. पण गंगूताई पावणेआठलाच हात पुसून, पदर सारखा करून फोनपाशी बसायच्या, जसा काही तो फोनमधून बघणारच होता. त्या दोन मिनिटांवर त्यांचा दिवस उभा असायचा. कधी मागून नातीचा, अबोलीचा, आवाज यायचा, शाळेची बस आली म्हणून ओरडताना. त्या दिवशी गंगूताई दोन पोळ्या जास्त खायच्या.

प्लेटा बसवताना अपूर्वनं मीटरपाशी एक छोटा डबा लावून घेतला. त्यामुळं प्लेटांनी वीज किती केली हे तर त्याच्या मोबाइलवर दिसायचंच, पण घरानं किती खाल्ली तेही दिसायचं, तासातासाची रेघ काढून. पहिल्याच आठवड्यात तो फोनवर खुशीत म्हणाला, "आई, मला आता इथं बसून सगळं कळतं. सहाला तू मोटर लावलीस, साडेसहाला गिझर, सातला मिक्सर. म्हणजे उठलात, आंघोळ झाली, चटणी झाली. आता मला टेन्शन नाही."

गंगूताईंना धन्य वाटलं. दीडशे कोसांवरून लेकाची नजर आपल्या स्वयंपाकघरावर आहे, हे त्यांनी मागच्या घरच्या अनुसयाबाईंना तीनदा सांगितलं. अनुसयाबाईंच्या सात-आठ बकऱ्या होत्या, आणि विश्वंभररावांना सकाळी लागणारं बकरीचं दूध त्याच आणून द्यायच्या. त्यांचा मुलगा परमेश्वर वर्षभरापासून चाकणला कंपनीत कामाला होता.

"तुमचं बरं हाय ताई," अनुसयाबाई म्हणाल्या. "आमचं पोरगं नुसतं डोकं खातं. सकाळी फोन, सांच्याला फोन. बकऱ्या आल्या का, गोळी खाल्ली का, पाय दुखून राहिला का. आता बकरी काय कुठं पळून जाऊन राहिली?"

गंगूताई हसल्या होत्या. तेव्हा हसायला येत होतं.

मग गंगूताई त्या रेघेसाठी जगायला लागल्या, दुसरा शब्द नाही. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी सहाच्या ठोक्याला मोटर लागायची आणि पाणी गच्चीवरून धो धो वाहून जायचं. एकादशीला मिक्सरचं काही काम नसायचं, तर रिकामं भांडं लावून त्या तो मिनिटभर फिरवायच्या. अपूर्वच्या वाढदिवशी त्यांनी देवघरावरची दिव्यांची माळ दिवसभर लावून ठेवली, त्याला कळावं म्हणून. विश्वंभरराव म्हणाले, "अगं, ती माळ त्या रेघेत काय दिसणार? मुंगीएवढी वीज खाते." गंगूताई म्हणाल्या, "त्याला दिसेल. त्याला कळतं त्यातलं."

माळ दिसली की नाही कुणास ठाऊक, पण आठचा फोन हळूहळू विरत गेला. पहिल्या दिवशी आला नाही तेव्हा त्यांना वाटलं, कामात असेल. मग एक दिवसाआड झाला. संक्रांतीनंतर रविवारचा झाला. होळी येईतो पंधरा दिवसांचा झाला. यांनी लावला तर तो मीटिंगमध्ये असायचा आणि नंतर मेसेज यायचा, तुमचा ग्राफ मस्त आहे, आणि पुढं एक अंगठा. विश्वंभरराव तो मेसेज मोठ्यांदा वाचून दाखवायचे. गंगूताई तरी पावणेआठला हात पुसून बसायच्या. सव्वाआठला उठायच्या. लेकाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तक्रार करायला जागा नव्हती. तो फोन करायचा ते सगळं ठीक आहे ना हे कळावं म्हणून. ते आता फोनशिवाय कळत होतं. मग फोन कशाला?

चैत्र लागला आणि वाळवणाचे दिवस आले. गंगूताईंच्या कुरडया सगळ्या गल्लीत नावाजलेल्या. तीन दिवस गहू भिजवायचा, वाटायचा, गाळायचा, चौथ्या दिवशी पहाटे चीक शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून पाडायचा. चीक हाटायला दोन बायका लागतात, म्हणून अनुसयाबाई बकऱ्यांचं दूध काढून तशाच आल्या. चीक उतरला आणि परात घेऊन दोघी गच्चीवर गेल्या, तेव्हा गंगूताईंच्या लक्षात आलं की ऊन पडतं तेवढ्या सगळ्या गच्चीवर प्लेटाच उभ्या आहेत. खाली नुसती सावली.

"आता वो ताई?" अनुसयाबाई म्हणाल्या.

चीक थांबत नाही. गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही, आणि चार दिवसांची मेहनत वाया जाते. गंगूताईंनी एकवार जिन्याकडं पाहिलं. विश्वंभरराव खाली पेपर वाचत होते. त्यांनी जुनं धोतर आणलं, ओलं करून पिळलं आणि कमरेएवढ्या उंचीवरच्या खालच्या तीन प्लेटांवर ताणून अंथरलं, वरची टोकं लोखंडाला बांधली. मग दोघींनी भराभर कुरडया पाडल्या. प्लेटा तिरप्या होत्या, पण ओल्या कपड्याला चीक घट्ट धरून राहिला. पांढऱ्या कुरडयांच्या रांगा सूर्याकडं तोंड करून बसल्या. गंगूताईंना वाटलं, प्लेटांचा इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही उपयोग झाला.

साडेनऊला फोन वाजला. अपूर्वचा.

"आई, काय झालं? जनरेशन एकदम अर्ध्यावर आलंय. मला अलर्ट आला. प्लेटांवर काही पडलंय का?"

गंगूताईंनी खरं ते सांगून टाकलं. तो रागावला, त्या लाखभराच्या वस्तू आहेत आई म्हणाला, काच तापते, डाग पडतात म्हणाला. त्या हूं हूं करत राहिल्या. बोलता बोलता त्याचा राग आपोआप उतरला. "चीक ठेवलायस का माझ्यासाठी?" त्यानं विचारलं. लहानपणी तो गरम चिकावर दूध-साखर घालून वाटीभर खायचा. मग फोन अबोलीकडं गेला. "आजी, कुरडई म्हणजे काय?" गंगूताईंनी गहू भिजवण्यापासून सगळं सांगितलं. नातीनं सगळं ऐकलं. अकरा मिनिटं. फोन ठेवल्यावर गंगूताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कुरडया दुपारी दोनलाच खडखडीत वाळल्या. एरवी दोन दिवस लागतात.

त्यानंतर त्या घरात जेवढं वाळवण झालं तेवढं दहा माणसांच्या कुटुंबातही होत नसेल. खारोड्या झाल्या, सांडगे झाले, ज्वारीच्या पापड्या झाल्या, एकदा तर नुसते कोरडे गहूच धुऊन वर घातले. दर खेपेला धोतर प्लेटांवर जायचं आणि तासाभरात फोन यायचा. दुसऱ्या खेपेला तो सात मिनिटं बोलला. तिसऱ्या खेपेला चार. गंगूताईंना मिनिटं मोजायची नव्हती, पण मोजली जात होती.

विश्वंभरराव रोज संध्याकाळी युनिटांचा आकडा कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचे. आकडे खाली येताना पाहून त्यांना चैन पडेना. एका सकाळी ते गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून वर आले आणि त्यांनी पाहिलं की बायको रिकामं धोतर प्लेटांवर अंथरून राहिली आहे. वर वाळवण काहीच नाही. घरात वाळवायला काही उरलंच नव्हतं.

चौतीस वर्षं कागद वाचून माणसाचा हेतू ओळखणाऱ्या कारकुनाला समजायला वेळ लागला नाही.

"हे बराबर नाही गंगू," ते म्हणाले.

"तुमचं काय जाऊन राहिलं? तुमची युनिटं कमी होतात तेवढंच ना?"

धोतराचं एक टोक वाऱ्यानं सुटलं होतं, ते विश्वंभररावांनी धरलं आणि लोखंडाला नीट गाठ मारली. मग दोघं खाली येऊन फोनपाशी बसली.

त्या दिवशी फोन आला नाही. दुपारी मोटारसायकलवरून एक माणूस आला, पाठीवर पिशवी, हातात लांब दांड्याचा पोछा. औंढ्याकडच्या तांड्यावरचा नेमसिंग. प्लेटा बसवल्या तेव्हा तोच आला होता.

"काकू, शेडिंग दाखवून राहिलं, म्हणजे प्लेटांवर सावली," तो म्हणाला. वर जाऊन त्यानं धोतर पाहिलं, सोडलं, घडी केली आणि गंगूताईंच्या हातात दिलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, हे त्याचं भलेपण. "साहेबांनी वर्षाचा मेंटेनन्स घेतला. अलर्ट आता माझ्या मोबाइलवर येतो. साहेबांना तकलीफ नको म्हणून माझा नंबर टाकला त्यात. तुमी काळजी नका करू, कधीबी प्लेटा झाकल्या तर मी तासाभरात येतो."

"आणि त्याला? त्याला काहीच दिसत नाही का आता?" गंगूताईंनी विचारलं.

"दिसतं ना. घर का ग्राफ तो वोही देखते. तो माझ्याकडं नाही. घरचं कनेक्शन साहेबांच्याच मोबाइलवर."

गंगूताईंनी त्याला तळलेल्या कुरडया दिल्या. त्यानं चार खाल्ल्या आणि दोन लेकरांसाठी कागदात बांधून घेतल्या. तो गेल्यावरही त्या पायरीवरच बसून होत्या. घरची रेघ अजून त्याच्याकडं आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. मोटर, गिझर, मिक्सर. तेवढी एकच दोरी उरली होती, आणि ती ओढून बघायची की नाही, हे त्यांनी आठ दिवस ठरवलं नाही.

वैशाखातल्या एका बुधवारी त्यांनी ठरवलं. आदल्या दिवशीच नवऱ्याला सांगितलं. उद्या घरात काही लावायचं नाही. मोटर नाही, गिझर नाही, पंखा नाही, फ्रिजचंसुद्धा बटन बंद. सहाला रेघ हलली नाही, सातला हलली नाही, की त्याला कळेल की आईबाबा उठले नाहीत.

"त्याला वाटेल लाईट गेली," विश्वंभरराव म्हणाले.

"वाटू द्या. लाईट गेली का म्हणून तरी विचारील."

"लेकराची परीक्षा पाहू नये गंगू."

"परीक्षा कशाची? मला फक्त त्याचा आवाज ऐकायचा आहे."

विश्वंभररावांनी वाद घातला नाही. बुधवारी पहाटे पाचला उठून फ्रिजचं बटन त्यांनीच बंद केलं, आणि पंखाही. मग दोघं पलंगावर नुसती पडून राहिली. सहा वाजले. बाहेर कुठल्या तरी घरची मोटर लागली, त्यांची लागली नाही. सात वाजले. आठ वाजता गंगूताई उठून बसल्या, सवयीनं पदर सारखा केला आणि फोन मांडीवर घेतला. विश्वंभररावांनी उशी पाठीशी घेतली. दोघंही त्या काळ्या काचेकडं बघत होती. साडेआठ झाले.

नऊला विश्वंभरराव म्हणाले, "ऑफिसला निघायची घाई असते. पोचला की बघेल."

दहाला म्हणाले, "आज मीटिंग असते त्याची."

अकरापासून ते काही म्हणाले नाहीत. पत्र्याच्या मोरीतून झळा आत येत होत्या. पंख्याशिवाय त्या खोलीत बसवत नव्हतं, भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. गंगूताई वर्तमानपत्रानं नवऱ्याला वारा घालत होत्या आणि त्यांच्या कपाळावरचा घाम बघून मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होत्या. पण उठून बटन दाबायला हात जाईना. इतका वेळ काढला, आता फोन येईल आणि नेमका तेव्हाच पंखा लागलेला असेल, असं त्यांना वाटायचं. वर गच्चीवर सहाही प्लेटा स्वच्छ होत्या, नेमसिंगनं पुसलेल्या. त्या भर उन्हात भरभरून वीज करत होत्या आणि ती सगळी तारेवरून बाहेर जात होती.

साडेअकराला मागच्या दारावर थाप पडली. अनुसयाबाई. त्या थेट आतच आल्या.

"ताई? काय झालं? जीव बरा हाय ना?" त्यांनी अंधारलेल्या खोलीत डोळे बारीक करून पाहिलं. "सकाळपासून मोटर न्हाई लागली तुमची. पाणी न्हाई पडलं गच्चीवरून. माझ्या बकऱ्या त्या पाण्यावर येऊन उभ्या ऱ्हायल्या, पाणीच न्हाई. काल दूध नको म्हनल्या, मला वाटलं गावाला गेल्या, पर कुलूप न्हाई दिसलं. मग म्हनलं बघावं."

"लाईट नाही," गंगूताई म्हणाल्या.

"आमच्याकडं हाय की." अनुसयाबाईंनी विश्वंभररावांकडं पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. "काका, काका, मान वर करा. वो ताई, हे तर घामानं भिजले सगळे. डोळे बघा कसे झाले."

विश्वंभररावांची मान एका बाजूला कलली होती. ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. अनुसयाबाईंनी कुणाला न विचारता पंख्याचं बटन दाबलं, माठातलं पाणी तांब्यानं त्यांच्या डोक्यावर ओतलं, पदर भिजवून मानेवर ठेवला, आणि ओरडून गंगूताईंना साखरमिठाचं पाणी करायला लावलं. गंगूताईंनी घाईत निम्मी साखर ओट्यावर सांडली. दहा-पंधरा मिनिटांनी विश्वंभररावांनी डोळे नीट उघडले आणि विचारलं, "आला का?"

"कोन?" अनुसयाबाई म्हणाल्या.

गंगूताईंनी मान फिरवली. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. अनुसयाबाईंना वाटलं, काकांसाठी रडून राहिल्या, म्हणून त्यांनी पाठीवर हात फिरवला.

दिवस मावळला तरी फोन आला नाही. फ्रिजमधलं दूध नासलं होतं, ते गंगूताईंनी ओतून दिलं. विश्वंभरराव भिंतीकडं तोंड करून झोपले होते, की नुसते पडले होते, कळत नव्हतं. कॅलेंडरची त्या दिवसाची चौकट कोरीच राहिली. दिवेलागण झाल्यावर गंगूताईंनी स्वतःच फोन लावला. तिसऱ्या खेपेला अपूर्वनं उचलला. मागं गाड्यांचे आवाज होते.

"बोल आई, ट्रॅफिकमध्ये आहे."

गंगूताईंनी दिवसभर मनात बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं काहीच निघालं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आज बघितलास का रे आमचा ग्राफ?"

"बघितला की. रोज बघतो." त्याचा आवाज जराही अडखळला नाही. "सकाळीच बघितला. सहाला मोटर लागली ना तुझी, नेहमीसारखी. सगळं ओके. का गं, काही प्रॉब्लेम?"

गंगूताई दिव्याच्या ज्योतीकडं बघत राहिल्या. खोटं बोलताना तो लहानपणी नाक खाजवायचा. आताही खाजवत असेल का, असं त्यांच्या मनात आलं. तो त्यांना दुखवायला खोटं बोलला नव्हता. आईला बरं वाटावं म्हणूनच बोलला होता, आणि ते जास्त लागलं. रागावून विचारलं असतं, आज मोटर का लावली नाही म्हणून, तर त्यांनी ते वर्षभर पुरवून पुरवून आठवलं असतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "सगळं बराबर आहे. जप गाडी चालवताना."

फोन ठेवला तेव्हा विश्वंभररावांनी कूस बदलली होती. ते जागेच होते.

"काय म्हणाला?"

"बघितलं म्हणाला."

"किती वाजता?"

"सहाला मोटर लागली, ते बघितलं म्हणाला."

विश्वंभररावांनी छताकडं पाहिलं. पंखा फिरत होता. त्यांनी हात लांब करून बायकोचं मनगट धरलं, आणि तसेच पडून राहिले. दोघंही अपूर्वबद्दल पुढं काही बोलली नाहीत. बोलायचं झालं असतं तर त्याची बाजू घ्यावी लागली असती, आणि तेवढी ताकद त्या दिवशी दोघांतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी गंगूताई सहाला उठल्या, पण मोटर त्यांनी लावली नाही. टाकीत पाणी होतं. साडेसातला अनुसयाबाई दूध घेऊन आल्या. आधी आत डोकावून काकांची तब्येत बघितली. ते ओट्यावर पेपर घेऊन बसले होते, पेपर उलगडलेला नव्हता. मग त्या पायरीवर टेकल्या आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "ताई, एक इचारायचं होतं. आमचा परमेश्वर म्हणून राहिला, आपल्याबी घरावर प्लेटा टाकू. तुमच्यासारख्याच, मोबाइलवर दिसणाऱ्या. तिकडं चाकणला बसून त्याला समदं दिसंल म्हनतो. काकांनाच इचारणार होते, पर तुमीच सांगा. परवडतं का?"

ओट्यावर विश्वंभररावांनी मान वर केली. चष्मा हातात घेतला, पुसला नाही.

"तो फोन करतो ना तुला रोज?" गंगूताईंनी विचारलं.

"करतो की. सांगितलं न्हाई का तुमाला, डोकं खातो. काल राती तर दोनदा केला. काकांना चक्कर आली ते सांगितलं त्याला, तर म्हनला, आई, तू उन्हात बकऱ्यामागं जाऊ नको."

गंगूताईंनी दुधाचं भांडं उचललं. आत जाता जाता त्या दारात थांबल्या. आठ वाजायला थोडाच वेळ होता, आणि त्यांनी हात पुसले नव्हते.

"नको टाकू," त्या म्हणाल्या. "परवडत नाही."

अनुसयाबाईंनी चमकून काकांकडं पाहिलं, आता हे सगळे आकडे सांगून बायकोला खोडून काढतील म्हणून. विश्वंभररावांनी पेपर उलगडला आणि तोंडासमोर धरला.